हातिमचा बाप

१

शाळा सुटली की मी उतारावरच्या बेकरीतून गरम रोट्या घेतो, त्यातली एक वाटेतच संपवतो आणि घरी येतो. भूगोलाच्या मास्तराचा दिवस दुपारीच संपतो. माझी बायको अरीज बँकेत आहे. ती यायला अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग होऊन जाते. मधला वेळ माझा. त्या वेळी निम्मं अम्मान जेवून आडवं झालेलं असतं, आणि गॅस सिलिंडरची गाडी आपली एकच धून वाजवत टेकडी चढत असते.

आमच्या घरात मागे एक लहान खोली आहे. लग्नानंतर अरीजने तिला फिकट पिवळा रंग लावून घेतला होता. कशासाठी, ते कोणी तोंडाने बोललं नाही. पुढे त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आलं, माझे गुंडाळलेले नकाशे आले, एक खुर्ची आली. मी रोज तिथे जायचो, दार लावून घ्यायचो, कानात इअरफोन घालायचो आणि फोन उघडायचो. घरात चिटपाखरू नसताना दार कशाला लावायचं, हे मला कधी सुचलंच नाही. शुक्रवारी अरीज घरी असायची. तेव्हाही ‘पेपर तपासतो’ असं सांगून मी आत जायचो.

काय बघायचो ते सांगत बसत नाही; ज्याला कळायचं त्याला कळलं असेल. गंमत कधीच संपली होती. बघून झाल्यावर शिसारी यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा त्याच खोलीकडे वळायचे. बायको शेजारी येऊन बसली, तिने खांद्यावर डोकं टेकलं, तरी माझ्यात काही हलायचं नाही. मूल व्हावं असं आमच्यात फारसं काही घडतच नव्हतं, आणि मूल होत नाही म्हणून अरीज दवाखान्याच्या पायऱ्या झिजवत होती. आपल्यातच काहीतरी कमी आहे, म्हणूनच नवरा लांब राहतो, असं तिने ठरवून टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंनाही तिने लाजेपोटी ‘घरात सगळं ठीक आहे’ असंच सांगितलं. मग बाईंनी इंजेक्शनं लिहून दिली. बकरी ईद झाली की सुरू करायची.

कारण माझ्या खिशात होतं आणि सुया तिला टोचल्या जाणार होत्या. त्याची लाज वाटून मी ही सवय सोडवणारं एक ॲप फोनवर घेतलं.

२

ॲप साधं होतं. ते नको त्या गोष्टी फोनवर उघडू द्यायचं नाही. आणि फार ओढ लागली की एक लाल बटण दाबायचं, म्हणजे ‘सोबती’ला निरोप जायचा. सोबती म्हणजे तुमच्यासारखाच कोणी व्यसन सोडू पाहणारा. खरं नाव, गाव काही सांगायचं नाही. फक्त एक टोपणनाव घ्यायचं आणि बोलून निरोप पाठवायचे.

इथेच आमचा मनुष्य फसतो. आमच्याकडे पुरुषाला टोपणनाव म्हणजे ‘अबू अमुक’, अमुकचा बाप. मूल नसलं, लग्न नसलं, मिसरूड फुटायची असली तरी अबूच. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे तो जन्मायच्या कितीतरी आधी त्याच्या नावाने बापाला हाका सुरू होतात. माझ्या वडिलांचं नाव अव्वाद, म्हणून शाळेच्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत मला सगळे अबू अव्वाद म्हणतात. ते नाव इथे दिलं असतं तर ओळख पटली असती. समोर रोट्यांची पिशवी पडली होती, तिच्यावर बेकरीच्या मालकाचं नाव छापलेलं होतं. मी ‘अबू हातिम’ असं लिहून मोकळा झालो.

सोबती मिळाला तो अबू लैथ. आवाजावरून साठीच्या पुढचा, दक्षिणेकडचा, खर्जातला, मधूनमधून खोकणारा. ट्रक चालवायचा, आता घरी बसून होता.

“अबू हातिम, सलाम तुला,” त्याचा पहिला निरोप आला. “घाबरू नकोस. मी या चिखलात तुझ्यापेक्षा जास्त वर्षं लोळलोय. बरं, ते राहू दे. हातिम कसा आहे?”

आमच्याकडे माणूस भेटला की आधी त्याच्या पोराची चौकशी करतात, मग कामाचं. अबू हातिमला हातिमबद्दल विचारलं, यात त्याची काय चूक? मी म्हटलं, “बरा आहे, अल्लाची कृपा.”

दुसरं काय सांगणार होतो?

३

मग हातिम वाढायला लागला. म्हणजे आमच्या बोलण्यात.

“केवढा आहे रे?” “पाचाचा.” “शाळेत जातो?” “जातो, पण रडतो.” “भेंडी खातो का? आमचा लैथ भेंडी पाहिली की ताट ढकलायचा.” “हा पण ढकलतो.” एकदा मी त्याला खोकला झाल्याचं सांगितलं, कारण त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. अबू लैथने मध आणि मर्यमियाच्या पानांचा काढा सांगितला. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, उतार पडला का? मी म्हटलं, पडला. त्या म्हाताऱ्याने केवढा सुस्कारा सोडला!

त्याचा स्वतःचा लैथ परदेशात होता आणि फोन करायचा नाही. का करायचा नाही, ते एकदा अबू लैथ आपण होऊन बोलला. “लहान असताना तो माझ्या खोलीच्या दाराशी यायचा. मी आतून ओरडायचो, जा, काम चाललंय. काम कसलं! नंतर नंतर त्याने यायचंच सोडलं.” एवढं सांगून तो बराच वेळ खोकत राहिला.

खोटं बोलतोय याचं मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगू? ॲपपेक्षा मला या पोराचाच उपयोग होत होता. पिवळ्या खोलीकडे पाय वळले की अबू लैथचा आवाज आठवायचा, पोरगं घरात आहे ना रे, जपून. आणि घरात कोणी नाही हे पक्कं ठाऊक असूनही मी ओशाळून परत फिरायचो.

४

एका दुपारी मात्र राहवेना. वर्गात एका पोराशी वाजलं होतं, डोकं तापलं होतं. मी खोलीत गेलो, सवयीने दार लावलं, फोन काढला. आणि अखेर ते दुसरं काही न उघडता लाल बटण दाबलं. मनात येईल ते अबू लैथला बोलून पाठवून दिलं.

त्याचं उत्तर लगेच आलं. “ऐकलं मी. शाबास, बटण दाबलंस. आता आधी दार उघड. पोरगं केव्हाचं ठोठावतंय, तुला ऐकू येत नाही का?”

मी माझाच निरोप पुन्हा लावला. माझा आवाज, खाली गॅसच्या गाडीची धून. आणि माझ्या दोन वाक्यांच्या मधे ठक, ठक. जोरात नाही. मुठीने नव्हे, सपाट तळहाताने, दाराच्या खालच्या बाजूला.

मास्तरकीची सवय, आधी कारण शोधायचं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदाच येतं. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरायला पंप लागतो आणि भिंतीतले पाइप हादरतात. तेच असणार. मी समाधानाने उठलो, स्वयंपाकघरात जाऊन पंपाच्या बटणाला हात लावला. पंप बंद होता. पाण्याचा दिवस परवा होता. वरच्या मजल्यावरचं कुटुंब कुवेतला, तिथे कुलूप. मग लाकूड ओलीने फुगलं असेल, मी म्हटलं. लाकूड फुगतं, हे काही खोटं नाही.

५

पुढच्या आठवड्यात मी प्रयोग केला. खोलीत बसून नुसतंच, काही न बोलता, आवाज टिपून घेतला. ऐकला तर काही नाही, माझा श्वास तेवढा. मग बोलत बोलत टिपला, आज वर्गात वाळवंटं शिकवली वगैरे. तो अबू लैथला पाठवला.

“गोड आहे रे आवाज त्याचा,” तो म्हणाला. “सारखं बाबा, बाबा. तू त्याला उत्तर का देत नाहीस?”

मी तो निरोप किती वेळा ऐकला असेन कोण जाणे. बाबा मला एकदाही ऐकू आलं नाही. पण माझं बोलणं जिथे थांबायचं तिथे कोणीतरी बोलायला तोंड उघडल्यासारखं वाटायचं, आणि मी पुढचं वाक्य सुरू केलं की ते गप्प व्हायचं. म्हाताऱ्याला एकटेपणाने भास होत असतील. मला मन खात होतं म्हणून होत असतील. दोन माणसांना एकच भास व्हायला काय हरकत आहे? एका फळीवर बसवलेली मुलं एकमेकांची चूक तशीच्या तशी उतरवतात, हे मी रोज बघतो.

ते काहीही असो, मी सुटलो. आता हात फोनकडे गेला की कान दाराकडे जायचे, आणि सगळी इच्छा जागच्या जागी विझायची. चेहऱ्यावर तुकतुकी आली, असं अरीजची आई म्हणाली. एका शुक्रवारी सकाळी अरीज पीठ मळत होती, मी मागून जाऊन तिच्या गालावरचं पीठ पुसलं, तर ती दचकलीच.

“काय हवंय तुला?” ती म्हणाली.

“काही नाही. चालत नाही का?”

“चालतं की. विसरले होते मी.” ती हसली, पण लगेच तोंड फिरवून डोळे कोपराने पुसायला लागली. मला तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. ईद तोंडावर आली होती.

६

ईदच्या आदल्या आठवड्यात ती बँकेतून फोनवर म्हणाली, “येताना इंजेक्शनं घेऊनच येते. फ्रीजमध्ये जागा करून ठेव.” मी लबनेहचा, घट्ट दह्याचा, डबा सरकवून जागा केली आणि तिथेच उघड्या फ्रीजसमोर उभा राहिलो. आज सांगायचं असं ठरवलं. पण तिला खरं सांगायचं तर आधी तोंडाला खऱ्याची सवय हवी, म्हणून सुरुवात अबू लैथपासून करावी असं वाटलं.

खोलीत गेलो. दार लावलं, ती खोड जाता जात नाही. म्हटलं, “अबू लैथ, मला माफ करा. मला मुलगा नाही. हातिम म्हणून कोणी नाहीच. रोट्यांच्या पिशवीवरचं नाव आहे ते. मी तुम्हाला इतके दिवस फसवलं.”

उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका कडक होता.

“अल्ला क्षमा करो. पोराच्या कानावर जाईल असं बोलतात का? मी एक बाप पाहिलाय असलं बोलणारा, तो मीच. पाचाचं आहे ते, पण कळतं त्याला. ऐक, रडायला लागलाय. ऊठ. दार उघड त्याला.”

मी दाराकडे पाहिलं. आमच्या दाराला लांबट दांडीची कडी आहे, खाली दाबली की उघडते. ती दांडी खाली येत होती. मोठं माणूस दाबतं तशी नाही. थोडी खाली, मग सुटून वर, मग पुन्हा, टाचा उंच करून कोणी लोंबकळल्यागत. ती पुरती खाली काही जाईना.

वारा, पाइप, फुगलेलं लाकूड, यातलं काहीच तिथे बसेना. मी किती वेळ तसा खुर्चीत होतो माहीत नाही. मग मला वाटलं, हे जे काही आहे ते मला मारायला आलेलं नाही, त्याला फक्त आत यायचंय. आणि तीच गोष्ट मला सोसेना. मी उठलो आणि दार उघडलं. बाहेर बोळ होता, चपलांचा स्टँड होता, स्वयंपाकघरातून येणारं ऊन होतं. कोणी नव्हतं. कडीची बाहेरची दांडी माझ्या हाताला ओली लागली.

७

अरीज आली, इंजेक्शनांचा खोका तिने फ्रीजमध्ये ठेवला. मी म्हटलं, “ते नको घेऊस. बस जरा.”

मी सगळं सांगितलं. खोली, फोन, इअरफोन, ॲप, अबू लैथ, हातिम. मधे थांबलो नाही, नाहीतर पुढे बोलणं जमलं नसतं. ती बँकेचा स्कार्फसुद्धा न काढता बसून होती.

“म्हणजे माझ्यात काही खोट नाही, हे तुला ठाऊक होतं?” तिने विचारलं.

“होतं.”

“मी रक्त काढून द्यायला जायचे, तू टॅक्सी करून द्यायचास, पैसेही आधी मोजून द्यायचास, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

“तुझी आई माझ्या पोटाकडे बघत दुवा मागायची, तू शेजारी बसून संत्रं सोलायचास, तेव्हाही ठाऊक होतं?”

मी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून पिवळ्या खोलीच्या दाराशी गेली, आणि त्या दाराकडेच बघत बोलली.

“फव्वाज, मी तुला एकदाही का विचारलं नाही, आत काय करतोस म्हणून? सांगू? शुक्रवारी तू दार लावायचास, मी बाहेर उभी राहायचे. आत लहान मूल हसायचं. कधी गुणगुणायचं. मला वाटायचं, तू लोकांच्या पोरांचे व्हिडिओ बघत बसतोस. तुला मूल हवंय, माझ्याकडून होत नाही, म्हणून दार लावून दुसऱ्यांची पोरं बघतोस. मी पाऊल न वाजवता परत फिरायचे आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नंबर लावायचे.”

“माझ्या कानात इअरफोन असायचे, अरीज. आवाज बाहेर येणंच शक्य नव्हतं.”

“ते आत्ता कळलं मला.”

“आणि हे कधीपासून? मी ते नाव तर आत्ता हिवाळ्यात घेतलं.”

“रंग लावला तेव्हापासून,” ती म्हणाली.

मला इतके दिवस वाटत होतं की हातिम बाहेर आहे आणि आत यायला धडपडतोय. आधीची सगळी वर्षं तो आतच होता, माझ्याबरोबर, त्या लावलेल्या दाराच्या मागे. मी ते ॲप घेतल्यावर तो कसा आणि कधी बाहेर पडला, मला माहीत नाही.

“काय नाव म्हणालास?” तिने विचारलं. मी सांगितलं. तिने ते ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं आणि बॅग भरायला घेतली.

८

ती सल्त गावाला, आईकडे गेली. “किती दिवस, विचारू नकोस,” म्हणाली. मी बॅग उचलायला गेलो तर तिने घेऊ दिली नाही. वरून गॅलरीतून मी पाहत होतो. टॅक्सीचं मागचं दार तिने उघडलं आणि ती लगेच बसली नाही. दार धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग आत बसून दार हलकेच ओढलं.

घर गप्प झालं. पिवळ्या खोलीचं दार सताड उघडं होतं, आत ऊन पडलं होतं, नकाशे होते. मी तिथे जाऊन मुद्दाम फोन हातात घेऊन बसलो. काही वाजलं नाही, कोणी आलं नाही. आता मला अडवणारं कोणी नव्हतं, आणि तेवढ्यानेच मला रडू फुटलं. चांगला मोठ्याने रडलो. मग उठून फ्रीजमधला तो खोका काढला, त्याच्या चिठ्ठीवरचा नंबर बघून डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि तपासणीसाठी माझं स्वतःचं नाव लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अरीजचा फोन आला.

“नाव लावलं मी,” मी म्हटलं. “माझं.”

“बरं केलंस.”

“तू येशील?”

“बघते.” तिच्या मागे सासूबाईंची भांडी वाजत होती. “जेवलास का?”

“रोटी खाल्ली.”

“नुसती रोटी कशाला? शेगडीखालच्या डब्यात डाळ आहे, करून घे.” मग ती थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “थांब, देते. ओढू नकोस.”

ते मला म्हटलेलं नव्हतं. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली, आणि पलीकडे कोणीतरी नाकाने श्वास घेत, मी बोलायची वाट पाहू लागलं.